आमच्या पिठाचा डीएनए तपासता, मग बंदरातल्या मालाचं काय?

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
सविनय नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटाचं सोया पीठ एका मोठ्या खरेदीदाराने नुकतंच परत पाठवलं. 'जीएम (म्हणजे जनुकीय बदल केलेलं) नाही' असा प्रयोगशाळेचा दाखला सोबत नव्हता म्हणून. देशात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, बियाणं आम्ही घरचंच राखतो, हे सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. पीसीआर म्हणजे डीएनए शोधणाऱ्या तपासणीचा हजारोंचा खर्च आमच्याच माथी.

तपासणी व्हायलाच हवी, आणि नीट व्हावी. आधी सोयाबीनचं स्वतःचं लेक्टिन जनुक शोधून सोयाचा डीएनए शाबूत आहे का ते बघतात, मग बाहेरून घातलेले ३५एस आणि नॉस हे डीएनएचे तुकडे. राउंडअप रेडी या तणनाशक सोसणाऱ्या जीएम सोयाबीनच्या पहिल्या वाणात दोन्ही सापडतात. एमओएन ८९७८८ या पुढच्या वाणात ते नाहीत. तिथे वेगळी चाचणी लावावी लागते. रिफाइंड तेलात तर डीएनए जवळपास उरतच नाही. म्हणजे तेल कुठल्या बियांचं, हे बंदरावरच्या कागदावरूनच कळणार. तो कागद ग्राहकाला कोण दाखवतं? अर्जेंटिना, ब्राझीलचं सोयातेल आम्ही रोज फोडणीला घालतो, पिशवीवर जीएमबद्दल एक ओळ नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये, आमच्या राशी व्हायच्या तोंडावर, सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. दहा हजारांपर्यंत गेलेला क्विंटलचा भाव दिवाळीपर्यंत निम्म्यावर आला. त्या वर्षी थोरलीची फी भरायला मी कानातलं मोडलं. २०२४ ला हमीभाव ४,८९२ रुपये, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून केंद्रावरून गाडी परत, आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास माल घालावा लागला. आमच्या दाण्यातलं पाणी मोजायला तुमच्याकडे यंत्र आहे, माणूस आहे, नियम आहे. परदेशी मालापुढे हे सगळं कुठे जातं?

२०१८ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले ६५ नमुने तपासले. ३२ टक्क्यांत जीएम निघालं, तान्ह्या लेकरांच्या खाण्यातसुद्धा! तुमच्याच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मसुदा काढला: एक टक्का किंवा जास्त जीएम असेल तर लेबलवर लिहा. पुढच्या वर्षी दुसरा मसुदा. नियमाची वाट आम्ही अजून बघतोय. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीएम खाद्यतेलाच्या आयातीत अन्न सुरक्षा कायद्यातलं लेबलबद्दलचं कलम २३ पाळा असं बजावलं. न्यायालयाचं ऐकत नाही ते सरकार बचत गटातल्या बायकांचं काय ऐकणार? कायदा आमच्या उंबऱ्यापाशी कडक होतो आणि जहाजापाशी मऊ पडतो. बी-बियाणं, खत, भाव, सगळीकडे हेच चाललंय.

लेबलचा नियम अंतिम करा. तेलाला मूळ बियांवरून लेबल लावा. आयात मालाच्या तपासणीचे निकाल दर महिन्याला जाहीर करा. आणि लहान उत्पादकांच्या डीएनए तपासणीचा खर्च सरकारने उचलावा, लातुरातच ती सोय करावी. उत्तर लेखी द्या, तारखेसह.

आपली,
लातूर जिल्ह्यातली एक सोयाबीन उत्पादक शेतकरी