‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘मुंबई स्पेशल’ एक नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मनगटी घड्याळांविषयी वृत्तपत्रांतून अलीकडे बरेच छापून येते, याचा आम्हा संग्राहकांना आनंदच आहे; मात्र अशा मजकुरात ‘डुप्लिकेट’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या प्रकारांसाठी सर्रास वापरला जातो, त्यामुळे लबाडांचे फावते आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची नाहक बदनामी होते.

दुसऱ्या कंपनीचे नाव विनापरवाना छापलेले घड्याळ बनावटच होय. विक्रेते त्यालाच ‘रेप्लिका’ किंवा ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, जणू नकलेतही पहिला वर्ग असतो! १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याला ही प्रतवारी मान्य नाही. खोटे चिन्ह लावलेला माल विकणाऱ्यास त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. ‘ओमाज’चे, म्हणजे गाजलेल्या घड्याळाच्या उघड अनुकरणाचे, तसे नाही. रोलेक्सच्या सबमरीनरसारखे रूप घेऊन वर स्वतःचेच नाव छापणाऱ्या कंपनीला कल्पनादारिद्र्याचा दोष देता येईल, खोट्या नावाचा नव्हे. ‘फ्रँकन’ म्हणजे निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून जुळवलेले घड्याळ.

खरा घोळ आहे तो ‘मुंबई स्पेशल’चा. सेको ५ किंवा एचएमटी पायलटसारख्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या भारतात नव्याने रंगवून ती विकली जातात, त्यांना परदेशातील संग्राहक तुच्छतेने हे नाव देतात. वास्तविक दमट हवेने डागाळलेली डायल रंगवून घेणे ही आपल्याकडची जुनी रीत. घड्याळ रोज वापरायचे असे, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पण २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, जुन्या ‘जनता’ आणि ‘पायलट’ना संग्राहकांकडून मागणी वाढली, आणि कारखान्याने कधी न काढलेल्या भडक रंगांच्या तबकड्या ‘मूळच्या’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. डोळ्याला भिंग लावले की बहुतेकदा उलगडा होतो: अक्षरांच्या कडा फुगीर असतात, मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत आणि तारखेच्या खिडकीच्या काठावर रंगाचा थर साचलेला असतो. आतले सतरा ज्वेलचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे) मशीन मात्र अस्सल असू शकते. अशा घड्याळाला बनावट म्हणणे अन्यायाचे आहे. रंगकाम दडवून त्याची अस्सल भावाने विक्री करणे ही मात्र उघड फसवणूक आहे.

तेव्हा बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी घड्याळ यांपैकी नेमक्या कोणत्या प्रकारचे आहे, हे नमूद करावे. छोट्या जाहिरातींतही डायल मूळची की रंगवलेली आणि मशीन त्याच घड्याळाचे की बदललेले, एवढे दोन तपशील विक्रेत्याकडून आवर्जून मागवून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
एक संग्राहक, पुणे