मुक्त झालेल्यांचे म्हणणेही छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेच्या यादवी युद्धावरील लेख आस्थेने वाचला. लढायांचा क्रम आणि लिंकन यांची थोरवी लेखकाने नेटकेपणाने मांडली आहे. परंतु १८६३ च्या जाहीरनाम्याने गुलामांना स्वातंत्र्य मिळाले, एवढे एका वाक्यात सांगून लेख पुढे जातो आणि ज्या सुमारे चाळीस लाख माणसांच्या जिण्याचा हा प्रश्न होता, त्यांचे म्हणणे त्यात कोठेही येत नाही, याची खंत वाटली म्हणून हे पत्र लिहीत आहे.

युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, हे लेखातील विधान तर गुलामी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या पुढाऱ्यांनाच मान्य झाले नसते. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे भर सभेत सांगितले होते की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक स्थिती आहे, याच तत्त्वावर आमच्या नव्या सरकारची उभारणी झाली आहे.

उत्तरेचे मनही मात्र निर्मळ नव्हते. एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचवता आले तर मी तसेच करीन, असे लिंकन यांनी ऑगस्ट १८६२ मध्ये एका वृत्तपत्राच्या संपादकांना लिहिले होते. मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी मंत्रिमंडळापुढे महिनाभर आधीच वाचून दाखवला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामी रद्द झाली, तेव्हा नुकसानभरपाई मालकांना मिळाली. पिढ्यान्पिढ्या फुकट राबलेल्यांना मागच्या श्रमांपोटी काहीही मिळाले नाही. पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक संघराज्याच्या फौजेत लढले, आणि त्यांना गोऱ्या शिपायाच्या १३ डॉलरांच्या जागी १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापून, असा पगार देऊ करण्यात आला. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा कमी पगार घेण्यास नकार दिला आणि पगाराविनाच लढत राहून १८६४ मध्ये बरोबरीचा हक्क मिळवला. स्वातंत्र्य या लोकांच्या पदरात आयते पडले नव्हते. मे १८६१ मध्ये, म्हणजे जाहीरनाम्याच्या दीड वर्षाहून अधिक आधी, व्हर्जिनियातील तीन गुलाम रात्री होडीतून मन्रो किल्ल्यावरील संघराज्याच्या फौजेच्या आश्रयाला गेले, त्यांच्यामागून हजारो जण निघाले, आणि या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारला टाळता येईनासा झाला.

ज्या प्रसंगासाठी मी मुख्यतः लिहीत आहे, तो १२ जानेवारी १८६५ चा आहे. सव्हाना शहर जिंकलेले जनरल शेर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी तेथील वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून त्यांना काय हवे आहे, ते विचारले. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझियर ६७ वर्षांचे होते. आठ वर्षांपूर्वी स्वतःला आणि पत्नीला त्यांनी एक हजार डॉलर मोजून सोडवून घेतले होते. दुसऱ्या माणसाचे श्रम त्याच्या संमतीवाचून, ज्यापुढे इलाज चालत नाही अशा बळाने घेणे म्हणजे गुलामी, असे त्यांनी सांगितले. आणि आपल्या श्रमाचे फळ आपल्याला मिळावे, हे स्वातंत्र्य. त्यासाठी आम्हाला जमीन हवी, ती आम्ही स्वतः कसू, असेही ते म्हणाले. चारच दिवसांनी शेर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबामागे जास्तीत जास्त चाळीस एकर या प्रमाणात देण्याचा हुकूम काढला आणि सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली.

लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी या जमिनी जुन्या मालकांना परत करण्याचे ठरवले. ते सांगण्यासाठी, मुक्त झालेल्यांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना त्याच किनाऱ्यावरील एडिस्टो बेटावर जावे लागले आणि मालकांना क्षमा करा, असे त्यांनी तेथील लोकांना विनवले. त्यावर बेटावरच्या समितीने त्यांना जे लिहून कळवले, ते मला विसरता येत नाही. युद्धात तुमचा फक्त उजवा हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून चाबकाने झोडपले आणि जो आजही मला जमीन मिळू नये म्हणून इतरांशी संगनमत करतो, त्याला मी क्षमा करू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. स्वातंत्र्य या एकाच शब्दाविषयी मुक्त झालेले आणि सरकार यांच्या किती वेगळ्या समजुती होत्या, ते यावरून कळते. जून १८६५ मध्ये टेक्सासातील गॅल्व्हस्टन येथे मुक्तीची घोषणा झाली, तिच्यातही समान हक्कांच्या पाठोपाठ, आहात तेथेच मुकाट्याने राहून मजुरीवर काम करा आणि रिकामे बसाल तर पोसले जाणार नाही, अशी ताकीद होती. मिसिसिपीने तर वर्ष संपण्यापूर्वीच कायदे करून कामाचा लेखी पुरावा नसलेल्या काळ्या माणसाला भटक्या ठरवून दंड करण्याची आणि दंड न भरल्यास त्याला मजुरीवर देण्याची सोय केली.

मराठी वाचकांचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक, काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. तो आदर सार्थ होता. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोल्फॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी काळ्यांची कत्तल केली आणि चार वर्षांत दक्षिणेतील नव्या कारभाराला असलेला संघराज्याच्या लष्कराचा आधारही निघून गेला, हे आपण सहसा वाचत नाही.

सव्हानाच्या बैठकीतील प्रश्नोत्तरे तेव्हा 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'ने छापली, म्हणून ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली. ती फार लांब नाहीत. आपल्या पुरवणीत त्यांचा आणि एडिस्टोच्या पत्राचा संपूर्ण मराठी अनुवाद द्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, सातारा