व्हीनस ग्रीकांची नव्हे

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला प्रेमदेवतांवरचा लेख वाचला. भाषा गोड, छायाचित्रे मोठी. पण पहिल्याच छायाचित्राखाली ‘ग्रीकांची सौंदर्यदेवता व्हीनस’ ही ओळ वाचली आणि अडलो. व्हीनस रोमनांची, ग्रीकांची ती ॲफ्रोडाइटी. पुढे ॲफ्रोडाइटी, व्हीनस आणि आपली रती ही ‘एकाच देवीची तीन नावे’ ठरली, तर ग्रीकांचा प्रेमदेव इरॉस, रोमनांचा क्युपिड आणि आपला मदन यांची एका वाक्यात मोळी बांधली गेली. नोकरीत असताना वर्गात मीही असेच शिकवत होतो, तेव्हा हे पत्र थोडे प्रायश्चित्तही समजा.

छायाचित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या हात तुटलेल्या मूर्तीचे आहे. १८२० साली मिलोस बेटावर एका शेतकऱ्याला ती सापडली. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या अठराव्या लुईने ती लूव्ह्रला दिली. बेट ग्रीक, शिल्पकार ग्रीक आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते देवी ॲफ्रोडाइटीच. रोमन नाव मागाहून युरोपने चिकटवले. म्हणजे चूक तुमच्या एकट्याची नाही, पॅरिसचीही आहे.

‘ती समुद्राच्या फेसातून जन्मली’ एवढ्यावर लेखाने तिचा जन्म आटोपला. फेस आला कुठून? प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो की क्रोनसने आपल्या बापाचे, युरेनसचे, जननेंद्रिय विळ्याने कापून समुद्रात फेकले आणि त्याभोवती जमलेल्या फेसातून ही मुलगी वाढली. सकाळच्या पेपरात हे छापायचे म्हणजे पंचाईत, मान्य. पण एवढे गाळले की शिंपल्यातली नाजूक बाहुली तेवढी उरते. महाकवी होमरने तर तिला सरळ देवांचा राजा झ्यूस आणि डायोनी देवी यांची लेक करून टाकले आहे. ग्रीकांना दोन्ही कथा चालत होत्या.

ती किनाऱ्याला लागली सायप्रसला. तिथल्या पाफोसचे देऊळ हे तिचे मूळपीठ. आज त्या गावाला कूक्लिया म्हणतात, आणि देवळाचे सर्वांत जुने अवशेष ख्रिस्तपूर्व १२००च्या सुमाराचे आहेत. सौंदर्याच्या देवीच्या या आद्य स्थानात मूर्ती कशी होती म्हणाल? नव्हतीच! गाभाऱ्यात होता एक दगड, बुडाशी रुंद आणि वर निमुळता. डोळे नाहीत, चेहरा नाही. इसवी सन ६९ मध्ये रोमन सेनापती टायटस, जो पुढे सम्राट झाला, वाट वाकडी करून इथे आला होता. त्याची हकीकत सांगताना रोमन इतिहासकार टॅसिटस या दगडाचे वर्णन करतो आणि हा आकार का, ते कळत नाही असेही लिहून जातो. पाफोसच्या रोमन नाण्यांवरही देवळाच्या मधोमध हाच दगड दिसतो. टॅसिटसला जे कोडे वाटले ते आपल्याकडच्या कुणाही म्हातारीला वाटले नसते. माहूरला रेणुकेपुढे हात जोडून आलेल्या माणसाला तांदळा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. (वेदी उघड्यावर असूनही पावसाने भिजत नाही, असेही टॅसिटस नोंदवतो. असली ख्याती आपल्याकडच्याही एखाद्या देवस्थानाची ऐकायला मिळतेच.)

टायटसने या प्रेमदेवीला विचारले काय, तर पुढचा समुद्रप्रवास नीट होईल का! प्रश्न वेडगळ नव्हता. ही दर्यावरची देवी होती. क्निडोस या ग्रीक शहरात शिल्पकार प्रॅक्सिटेलिसने घडवलेली तिची विवस्त्र मूर्ती ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात गाजली. रोमन लेखक प्लिनी सांगतो की प्रॅक्सिटेलिसने दोन मूर्ती विकायला काढल्या होत्या, एक वस्त्रांतली आणि एक विवस्त्र. कोस बेटाच्या लोकांनी सोवळी उचलली, उरलेली क्निडोसने घेतली. पुढे बिथिनियाचा निकोमिडीस राजा ‘मूर्ती द्या, शहराचे सगळे कर्ज फेडतो’ म्हणाला, तरी क्निडोसकरांनी ती दिली नाही. मूळ मूर्ती नष्ट झाली, आज आहेत त्या रोमन नकला. जग जिला नग्न सौंदर्याचा आदर्श म्हणत राहिले, तिला क्निडोसची माणसे मात्र ‘युप्लोइया’ म्हणत, म्हणजे गलबत सुखरूप पोहोचवणारी. आणि स्पार्टा शहर व किथेरा बेट इथे तर तिच्या लाकडी मूर्ती सशस्त्र होत्या, हे ग्रीक प्रवासी पौसानियासने लिहून ठेवले आहे.

रोमची व्हीनस वेगळ्या घरातून आली. ‘व्हीनस’ हे लॅटिनमध्ये मुळात नपुंसकलिंगी नाम, अर्थ ओढ किंवा मोहिनी. संस्कृतातला ‘वन्’ धातू त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे आपली ‘वनिता’ तिची नातलग लागते. तिचे ॲफ्रोडाइटीशी समीकरण नंतर जुळले. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने इटलीतल्या त्रासिमेनो सरोवराकाठी रोमन सैन्य कापून काढल्यावर, ख्रिस्तपूर्व २१७ मध्ये, सिसिलीतल्या एरिक्स डोंगरावरच्या व्हीनसला रोममध्ये देऊळ बांधण्याचा नवस बोलला गेला. ज्युलियस सीझरने तिला आपल्या कुळाची आदिमाता म्हणून मिरवले आणि ख्रिस्तपूर्व ४६ मध्ये तिचे मंदिर उभे केले. राजकारणात कुलदैवत कामाला येते, ते असे. रोमच्या फोरममध्ये भुयारी गटाराच्या देवीलाही व्हीनसचेच नाव जोडलेले होते, हेही सांगून ठेवतो.

इरॉसबद्दल थोडक्यात. हेसिअडच्या लेखी तो सृष्टीच्या आरंभीचा देव आहे, गुटगुटीत बाळ पुष्कळ नंतरचे. थेस्पिआई या ग्रीक गावी त्याचीही पूजा बिनघडीव दगडाच्या रूपात होत असे. मदनाची गोष्ट तर निराळीच. शंकराने जाळल्यावर त्याला देहच उरला नाही, म्हणून तो अनंग. त्याला पंख लावून भेटकार्डावर बसवायचे कसे?

लेखात नसलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडची आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पोंपेईत एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. मनगटापासून वर बांगड्याच बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे डबे घेतलेल्या दासी. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेले ते शहर व्हीनसच्या नावाने वसवलेली रोमन वसाहत होते. मूर्ती मात्र भारतीय. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यातल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत, त्यामुळे ती दख्खनेतून गेली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. इटालियनांनी तिला लगेच ‘लक्ष्मी’ म्हटले. हातात कमळ नाही, हत्ती नाहीत, पण भारतीय आणि सुंदर आहे ना, मग लक्ष्मीच! आता तिला यक्षी म्हणणारेच जास्त आहेत. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

पुढच्या रविवारी छायाचित्राच्या ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागेअभावी पत्र कापावे लागलेच तर इरॉसचा परिच्छेद काढा, तेर-भोकरदनचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर