दुपारी सिग्नल बंद, गच्चीवरचं काम मात्र सुरू

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की आपल्या नागपुरातल्या चौकांत हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, दुपारच्या वेळी काही सिग्नल बंद ठेवले जातात. दुचाकीवाल्याला दोन मिनिटंही उन्हात ताटकळावं लागू नये, ही काळजी योग्यच आहे. पण त्याच वेळी, त्याच चौकातल्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी एसीचं आऊटडोअर युनिट उघडून बसलेला असतो. त्याच्यावर जाळी नसते आणि त्याचं काम दोन मिनिटांत संपतही नाही. ती गच्चीवरची नोकरी मी सध्या करतो, म्हणून हे पत्र.

मी इथल्याच, श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयचा. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला, दहा-बारा वर्षं दुबईत काढली आणि आईच्या आजारपणामुळे परत आलो. आयटीआयमधला जुना दोस्त एसीच्या देखभालीची कंत्राटं घेणाऱ्या एका फर्ममध्ये आहे. त्याने शब्द टाकला आणि मार्चमध्ये मी त्याच्याच हाताखाली लागलो. "याच्या वहीतून पाहूनच मी पास झालो," असं तो हेल्पर पोरांना सांगतो आणि लगेच मलाच शिडी धरायला लावतो. त्याचं काही वाटत नाही. कोणत्या इमारतीच्या गच्चीवर मागच्या जिन्याने जावं लागतं, कुठल्या दवाखान्याच्या डक्टमध्ये कबुतरं घुसतात, हे त्याला तोंडपाठ आहे. दुबईचा अनुभव तिथे चालत नाही.

वाजलं ते एप्रिलमध्ये. आमच्या धंद्याची अडचण अशी की पारा 44-45 वर गेला की धुळीने भरलेल्या कंडेन्सरला, म्हणजे आऊटडोअरमधल्या कॉइलला, आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही. दाब वाढतो आणि मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होतं, आपोआप बंद पडतं. म्हणजे तक्रारी येतात त्या नेमक्या दुपारी एक ते चार. बुटीबोरीकडच्या शेडवर तर पायाखाली पत्रा असतो. सावलीत ठेवला नाही तर पानासुद्धा हातात धरवत नाही. त्यात पाईप जोडायला ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा.

पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, हे काम सकाळी करू. दोस्त हसला. "काहून बे, दुबईत काय बर्फ पडत होता का?"

बर्फ पडत नव्हता, नियम होता. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. ही पद्धत 2005 पासून चालू आहे. मोडली तर कंपनीला दर कामगारामागे 5,000 दिरहम दंड, जास्तीत जास्त 50,000. हा मालकांचा दयाळूपणा नव्हे, हे तिथल्या कॅम्पमधल्या एका खोलीत किती माणसं कोंबतात ते पाहिलेला कुणीही सांगेल. दंडाला घाबरून का होईना, साडेबाराला आम्ही खाली उतरायचो. तातडीची कामं वगळली आहेत. पाणीपुरवठा किंवा वीज तुटली तर जावंच लागतं, पण मग पाणी आणि सावलीची सोय कंपनीने करायची.

दुबईचं राहू द्या. आमच्या खोलीतले मलयाळी सोबती सांगायचे की केरळातही उन्हाळ्यात कामगार आयुक्त आदेश काढतात आणि उन्हातल्या कामगारांना दुपारी 12 ते 3 विश्रांती मिळते. केरळचा पारा विदर्भाच्या पाऱ्यापर्यंत पोहोचतो तरी का? आपल्याच सरकारने 2023 मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावल्यावर दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम घ्यायला मनाई केली होती. भाषण ऐकायला बसलेल्यासाठी जे ऊन घातक, ते पाईप कापणाऱ्यासाठी चालतं कसं?

नागपूरकरांना आपल्या उन्हाचा जरा अभिमानच आहे. 2024 च्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले तेव्हा लोकांनी तो आकडा कौतुकाने फिरवला. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितल्यावर काहींचा हिरमोडच झाला असावा. पण 2013 चे 47.9 अंश खरे होते, आणि तेवढे पुरेसे आहेत. आखातात हवा दमट, घामाने शर्ट पिळून निघतो, आपण दमलोय हे कळतं. आपल्याकडे घाम आल्या आल्या वाळतो. अंगातलं पाणी गेलेलं कळतच नाही. आमचा हेल्पर, भंडाऱ्याकडचा विशीतला पोरगा, मे महिन्यात एका गच्चीवर "काही नाही झालं" म्हणता म्हणता उलट्या करू लागला. दोस्ताने त्याला खांद्यावर घेऊन जिना उतरवला, सलाईन लावून आणलं. दुसऱ्या दिवशी पोरगा परत कामावर, कारण रोजी बुडते. दोस्ताचा इलाज म्हणजे डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात कांदा. दुपट्टा मीही बांधतो. कांद्यावर मी बोलत नाही, तो त्याची आई देते.

त्याचा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणतो, "सकाळी सहाला जातो मी, पण गच्चीची किल्ली कोण देते?" खरं आहे. सोसायटीची किल्ली सेक्रेटरीकडे, ते फिरून येतात साडेआठला. ऑफिसचा गार्ड म्हणतो, साहेब दहाला येतील, तेव्हा या. सही करायला माणूस अकराला. हे सगळं होईस्तोवर ऊन डोक्यावर. कामगारांना सकाळी बोलावण्याचा आदेश उद्या निघाला तरी दार बंदच असेल, तर आम्ही जिन्यात बसून राहू.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. कामगार खात्याने निदान विदर्भापुरता एप्रिल ते मान्सून येईपर्यंत दुपारी 12 ते 4 उघड्यावरच्या कामाला मनाई करावी. आठ तास सकाळ-संध्याकाळ वाटून द्यावेत, रोजी कापू नये, आणि मोडणाऱ्याला दंड लावावा. नुसत्या सूचनापत्राने इथे कुणी ऐकत नाही. दवाखान्यातलं ऑपरेशन थिएटर, शीतगृह, औषधांची गोदामं यांना सूट द्यावी. तिथे आम्ही भर दुपारीही जाऊ, जायलाच हवं.

दुसरी मागणी तुमच्या वाचकांकडे, कारण त्यांच्याच घरी आणि ऑफिसात आम्ही येतो. देखभालीचे करार अनेक ठिकाणी मार्चअखेर नवे होतात. त्यात दोन गोष्टी लिहून घ्या: आऊटडोअरच्या कॉइल मार्च संपायच्या आत धुवायच्या, आणि एप्रिलपासून गच्चीचं दार सकाळी सहाला उघडं मिळेल. कॉइल धुतलेली असली तर निम्म्या मशीन दुपारी ट्रिप होणारच नाहीत, असा माझा आणि दोस्ताचा अंदाज आहे. आमचं एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट.

– एक एसी मेकॅनिक, मानेवाडा, नागपूर