वजन कामाचं बघा, बाई की गडी ते मग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटक सरकारनं नोकरदार बायकांना दिलेल्या मासिक पाळीच्या रजेवरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात बरीच खडाजंगी चालली आहे. एका वाचकांचं म्हणणं, निसर्गानंच बाई आणि पुरुष वेगळे घडवले, तर कायद्यानं आणि मालकानं त्यांना वेगळं वागवलं म्हणून बिघडलं कुठं? त्यावर एका ताईंनी लिहिलं की फरकाचं नावच काढू नका, एकदा काढलं की बायकांना दार बंद होतं. दोघांनी शरीराबद्दल भरभरून लिहिलं, पण कामाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १४ सुपरवायझर म्हणून. तेव्हा कामाबद्दल दोन शब्द लिहायचा हक्क मला आहे असं वाटतं.

फरक नाहीच, असं मी म्हणणार नाही. हाताच्या आणि खांद्याच्या ताकदीत सरासरी पुरुष सरासरी बाईच्या पुष्कळ पुढे असतो, हे भट्टीजवळ उभं राहिलेल्या कुणालाही दिसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनचंही तसंच. पुरुषाचं १३च्या खाली गेलं की डॉक्टर पंडुरोग म्हणतात, बाईचं १२च्या खाली गेलं की. पण देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका त्या रेषेखाली निघाल्या आणि पुरुष २५ टक्के, तो सगळा काही निसर्गाचा खेळ नव्हे. घरात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, याचाही तो हिशोब आहे. हे दोन फरक लोक एकाच टोपलीत टाकतात आणि वर 'निसर्ग' अशी चिठ्ठी लावतात.

आमच्या आनंदवाडीच्या आखाड्याचंच बघा. मुलींची कुस्ती मुलींशी लावतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण तिथं शरीर हाच सगळा मामला आहे. पण तिथंसुद्धा पंच आधी काट्यावर उभं करतो. पन्नास किलोच्या पोराला शंभर किलोच्या मल्लासमोर कुणी उभं करत नाही, दोघंही पुरुष असले तरी. कारखान्यात मात्र आम्ही काटा ठेवलाच नाही. नुसती मिशी बघितली.

आता माझ्या शॉपची गोष्ट. मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, गडी आणि कोअर शॉपला, म्हणजे साच्यात पोकळीसाठी बसवायचे वाळूचे गाभे करायला, बायका, अशी वाटणी मी लागलो तेव्हापासून होती. सिलिकेट मिसळलेली वाळू कोअर बॉक्समध्ये ठासायची, वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, घट्ट झालं की बॉक्स उघडून कोअर अलगद काढायचा. बायकांचे हात नाजूक म्हणून त्यांना हे काम, असं सगळे म्हणत. काम 'हलकं', म्हणून मजुरीही हलकी. एका दिवाळीआधी मोठी ऑर्डर होती. कोअर शॉपमधल्या एका अक्कांनी मला अडवलं. म्हणाल्या, "साहेब, एक उचलताना हलकं असतंय, चारशे उचलल्यावर कळतंय की." मी चेष्टेवारी नेलं, पण घरी येऊन वहीत मांडलं. एक कोअर दोन किलोचा, पाळीला चारशे. म्हणजे आठशे किलो, आणि प्रत्येक नग दोनदा उचलायचा: एकदा बॉक्समधून, एकदा रॅकवर. शेजारचा मोल्डर दिवसाला किती उचलतो तेही मांडलं. आकडा फार पुढे नव्हता. त्याचं एकेक ओझं मोठं होतं एवढंच, म्हणून ते डोळ्यात भरत होतं.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. 'तेच किंवा त्याच प्रकारचं काम' असेल तर बाईला कमी मजुरी देता येत नाही, असं त्यात स्पष्ट होतं. आमच्याकडे त्यावर उपाय सोपा होता: एकाच प्रकारचं काम दोघांना द्यायचंच नाही.

ओझ्याचाही नियम होता. यंत्राच्या मदतीशिवाय एकट्यानं उचलायचं तर बाईला ३० किलो आणि पुरुषाला ५५ किलो ही मर्यादा. या नियमावर बोट ठेवून मी स्वतः एका बाईला मोल्डिंगला घ्यायचं नाकारलं होतं. धडधाकट होती, खानापूरकडची, लाकडाच्या मोळ्या वाहून हाडं तयार झालेली. मी म्हणालो, बॉक्स चाळीस किलोचा आहे, कायद्यात बसत नाही. ते खरंही होतं. पुढं दोन वर्षांनी साखळीनं ओझं उचलायचा चेन ब्लॉक बसला, बॉक्स हातानं उचलायची गरजच संपली. तरी मोल्डिंगला गडीच राहिले. नियमाचं कारण गेलं, पण नियमानं लावलेली सवय गेली नाही, आणि त्या बाईला परत बोलवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. हे मी आज कबूल करतो.

आणि त्या ५५ किलोचं काय? मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण चेन ब्लॉक यायच्या आधी रोज तेवढं, कधी त्याहून जास्त उचलत होतो. बावन्नाव्या वर्षी माझा मणका सरकला. अजून पट्टा लावल्याशिवाय स्कूटरवर बसता येत नाही. बाईला झेपत नाही म्हणून गड्याला झेपतंच, हे कुणी ठरवलं? बॉक्स वीस किलोचा केला असता किंवा चेन ब्लॉक दहा वर्षं आधी आला असता, तर ती बाईही मोल्डिंगला लागली असती आणि माझी कंबरही वाचली असती.

शिशाचंही असंच. कारखाना कायद्याखालच्या नियमांत शिशाच्या कित्येक प्रक्रियांवर बायकांना मज्जाव होता, कारण पोटातल्या बाळाला धोका. धोका खोटा नाही. पण शिसं पुरुषाच्या वीर्यालाही सोडत नाही. अमेरिकेत बॅटरी बनवणाऱ्या एका कंपनीनं मूल होऊ शकेल अशा सगळ्या बायकांना शिशाच्या कामावरून काढलं. तिथल्याच एका पुरुष कामगारानं बाप व्हायचंय म्हणून, अंगातलं शिसं उतरेपर्यंत रजा मागितली, तर त्याला नाही म्हणून सांगितलं. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचा नियम मोडीत काढला. आमच्याकडे गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूच्या बुशमध्ये शिसं असतं. वितळवणारे सगळे पुरुष होते आणि धूर ओढून घेणारा पंखा महिन्यातले वीस दिवस बंद असायचा. बायका तिथं नव्हत्या, म्हणून धोकाही नाही असंच सगळे धरून चालले होते.

निपाणीकडच्या वाचकांना हे नवीन वाटणार नाही. १९६६च्या विडी कामगार कायद्यात बाईला सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर विडीच्या कारखान्यात कामाला लावायची बंदी होती. तीच बाई घरी सुपात पानं, जर्दा घेऊन रात्री अकरापर्यंत विड्या वळते, मांडीवर पोर झोपलेलं असतं आणि तंबाखूची धूळ त्याच्याही नाकात जाते. तिथं कायद्याला तिचं शरीर दिसलं नाही. कारखान्याच्या फाटकापाशीच कायद्याची नजर संपते.

रात्रपाळीचा विषय आता तसा संपलाय. आपल्या राज्यानं २०१९ सालीच कारखान्यांत बायकांना रात्रपाळीची मुभा दिली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या केंद्रीय कामगार संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्री काम करता येतं, सगळ्या प्रकारचं. माझी भाची आयटीआय करून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनवर आहे. मशीनला बटण दाबणारी बाई की बुवा हे कळत नाही. तिची सेकंड शिफ्ट अडली ती अनगोळपर्यंत रात्री सोडणार कोण यावर. हा प्रश्न तिच्या शरीराचा नाही, रस्त्यावरच्या टवाळांचा आहे, आणि त्याचा दंड तिनं पगारातून का भरायचा?

न्यायालयांनी हा गुंता पूर्वीच बराच सोडवलाय. आपल्याच राज्यातल्या, कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत गेल्या, त्या सेवेतली पहिली बाई. तेव्हाच्या नियमात बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागायची आणि संसारामुळं काम नीट होत नाही असं वाटलं तर राजीनामा मागता यायचा. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराची काळजी कुणालाच नव्हती. त्यांच्या खटल्यात १९७९ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर चांगलेच कोरडे ओढले. पण त्याच निकालात त्यांनी असंही म्हटलं की सगळ्या कामांत, सगळ्या परिस्थितीत दोघं सारखेच, असा हट्ट आम्ही धरत नाही. जिथं फरक दाखवून देता येतो तिथं तो मानू, एरवी समानता. 'दाखवून देता येतो', या तीन शब्दांवर माझा सगळा भर आहे. सैन्यातल्या बायकांच्या कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा. सरकारनं शरीर, बाळंतपण, घर अशी कारणं पुढं केली होती. कोर्टानं ती ठरीव समजुती म्हणून बाजूला सारली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात आहे. पहाटे धावणारी पोरं आपण बघतो. कोण किती धावतं ते घड्याळ सांगतं.

बाळंतपणाचा फरक मात्र दाखवून द्यावा लागत नाही. तिथं कायद्यानं वेगळं वागलंच पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, चांगलं झालं. पण पगार कोणी द्यायचा? ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू असेल तर ती देते. ज्यांचा पगार २१ हजारांच्या वर त्यांचा भार थेट मालकावर. मग मुलाखतीत हळूच विचारतात, "लग्न ठरलंय का?" मालकांना शिव्या घालून उपयोग नाही. दहा-बारा माणसांच्या ऑफिसात एकीचा सहा महिन्यांचा पगार म्हणजे खरंच ओझं असतं. हा खर्च ईएसआयसारख्या सामाईक निधीतून गेला, आणि त्यात माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक मालकानं वर्गणी भरली, त्याच्याकडे बाई असो वा नसो, तरच तो प्रश्न विचारणं थांबेल. दुसरं, दूध पाजणं हे आईच्या शरीराचं काम, दुपटी धुणं नव्हे. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरदाराला बाळाच्या वेळी १५ दिवस रजा मिळते, खासगीतल्या बापाला कायद्यानं एकही नाही.

आणि आता ती पाळीची रजा, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं. १८ ते ५२ वयाच्या नोकरदार बाईला महिन्याला एक दिवस भरपगारी, वर्षाला १२, कंत्राटी बाईलाही. मी सुपरवायझर असताना कोअर शॉपमधली कुणी पोटाला धरून भिंतीशी बसली की मी अर्धा दिवस कापलेला आहे. संडास शॉपच्या दुसऱ्या टोकाला होता, तोही दिवसातून एकदाच धुतला जायचा, म्हणून बायका पाणीच पीत नसत. हे मला माहीत होतं. तेव्हा या रजेला माझा विरोध असणं शोभणार नाही. पण बारा दिवसांचा हिशोब मालक भरती करतानाच करणार, हे मला मालकांपेक्षा चांगलं ठाऊक आहे, कारण तो हिशोब त्यांच्या वतीनं मीच करायचो. त्याचा खर्चही सामाईक निधीतून जावा.

बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या आपल्या राज्याच्या शक्ती योजनेवरून पुरुष वाचकांनी जो राग काढलाय, तो इथं गैरलागू आहे. तिकिटाचा आणि शरीराचा संबंध नाही.

गेल्या महिन्यात जुन्या शॉपवर गेलो होतो. रजेचा आदेश कार्डपंचिंगच्या मशीनजवळ चिकटवला होता, कन्नड आणि इंग्रजीत. कारखान्यात बहुतेक कामगारांना कळते त्या भाषेतही सूचना लावायची, हे १९४८ च्या कायद्यापासूनचं कलम. ते पाळायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या चारशे कोअरवाल्या अक्कांची धाकटी जाऊ आता तिथं आहे. तिनं मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिनं बोटांवर बारा मोजले, मग विचारलं, "आमची पोरगी शिनोळीला जाती, तिला पण असणार न्हवं?" तुरमुरी, बाची ओलांडलं की शिनोळी, पण ती चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. तिथल्या खासगी कारखान्याला असं बंधन नाही. मायलेकी एकाच घरात राहतात, सकाळी एकच डबा करतात. मी नाही म्हणालो. तिला वाटलं मी वाचण्यात चुकलो, म्हणून तिनं मला तो कागद पुन्हा वाचायला लावला.

आपणास विनंती की त्या आदेशाचा मराठी गोषवारा एकदा अंकात छापावा. कात्रणं काढून उद्यमबाग आणि मच्छेच्या फाटकांवर चिकटवायचं काम मी करीन.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कामगार,
अनगोळ, बेळगाव