पंप घेण्यापूर्वी

शुक्रवार पेठ, पुणे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुराने तुला धाप लागली आणि तू गॅलरीत जाऊन दम्याचा पंप घेतलास, तेव्हा मी दारातच उभी होते. तू लागोपाठ दोन पफ मारलेस आणि दोन्ही वेळा ओठांच्या कडेने पांढरा फवारा वर निघून गेला. ते तुझे औषध होते रे. काल फोनवर तू म्हणालास की आता हा पंप लागू पडत नाही, डोस वाढवून घेतो. म्हणून हे लिहिते आहे.

माझेही कित्येक वर्षे असेच चालले होते. चिठ्ठीवर 'सकाळ-संध्याकाळ दोन पफ' एवढेच लिहिलेले असे. ते घ्यायचे कसे, हे कोणी दाखवले नाही. पुढे एका सिस्टरने "माझ्यासमोर घेऊन दाखवा" म्हटले, तेव्हा कळले की मी पंपाची डबी आधी दाबत होते आणि श्वास मागाहून ओढत होते. फवारा इतक्या वेगाने सुटतो की औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहते. जिभेला कडवटपणा जाणवतो तो त्याचाच.

डबी नीट हलवावी, ताठ बसावे, छातीतला श्वास सावकाश पूर्ण सोडावा, पंपाचे तोंड ओठांत धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटावेत आणि श्वास आत घ्यायला लागताच डबी दाबून तसाच संथपणे चार-पाच सेकंद ओढत राहावे. मग दहा सेकंद श्वास रोखावा. हे रोखणे तू अजिबात करत नाहीस, आणि औषध श्वासनलिकांत बसते ते त्याच वेळात. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, डबी पुन्हा हलवून.

लाज वाटते म्हणून कपाटात टाकलेला स्पेसर, पंपाला जोडायची ती पोकळ नळी, बाहेर काढ. फवाऱ्याचा वेग त्यात मंदावतो आणि दाबण्याची वेळ थोडी चुकली तरी निभावते. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुवून तसाच वाळू दे. फडक्याने पुसलास तर आतल्या भिंतीवर औषध चिकटते. काकांचा कॅप्सूलचा रोटाहेलर पाहून मात्र काही शिकू नकोस, कारण त्यातली भुकटी जोराने आणि खोल ओढावी लागते, तुझ्या पंपाच्या अगदी उलट.

पंपाची सवय लागते, असे आत्याने सांगितले म्हणून तू सकाळचा स्टिरॉइडचा पंप सोडलास, याचे मला फार वाईट वाटले. त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. श्वासनलिकांची सूज तोच उतरवतो. धाप लागल्यावर घेतोस तो निळा पंप फक्त तेवढ्यापुरत्या नळ्या मोकळ्या करतो. स्टिरॉइड घेतल्यावर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाक, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दोन्ही पंप आणि स्पेसर बरोबर ने, आणि डोसचा विषय काढण्याआधी त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखव. ते काय म्हणाले, ते रात्री फोन करून सांग. मी जागी असेन.

तुझी,
आई