सूचना: रविवारी गोळ्यांची पिशवी घेऊन या

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

थंडी पडली की गुडघे बोलू लागतात आणि रामबागेतल्या आपल्या बैठकीत पोह्यांबरोबर गोळ्यांचीही देवाणघेवाण सुरू होते. ती कृपया बंद करावी. शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्या किडनीला महागात पडू शकते.

मागच्या आठवड्यात एका काकांच्या खिशातून दोन पाकिटं निघाली, एक सर्दीचं, एक अंगदुखीचं. मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली, तर दोन्हींत पॅरासिटामॉल, म्हणजे एकच औषध दोनदा! काका म्हणाले, "रंग तर वेगळा होता." 500 मिलिग्रॅमच्या 8 गोळ्या, म्हणजे 4 ग्रॅम, ही धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा. उतारवयात, वजन कमी असल्यास किंवा लिव्हरचा त्रास असल्यास डॉक्टर त्याहून कमीच सांगतात.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांबाबत जास्तच जपा. बीपी, हृदय, किडनी, अल्सर यांपैकी काही असेल, रक्त पातळ करणारी किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका. डांबरासारखी काळी शौच झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, लगेच दवाखाना गाठा.

रविवारी सकाळी 9 वाजता ओळखीचे एक फार्मासिस्ट येणार आहेत. सगळ्या गोळ्या, मलमं, काढेसुद्धा मूळ पाकिटासकट आणा. डबीतल्या सुट्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. भिंग मी आणतो.

– चिटणीस